यंत्राला हात कोणी लावायचा?

गेल्या वर्षी आपल्यापैकी एका कुटुंबात बराच वाद झाला. थोरला मुलगा विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होता. त्याने ते शिक्षण मध्येच सोडले आणि फ्रेझर नदीकाठच्या एका लाकूड गिरणीत मिलराईटची उमेदवारी पत्करली. मिलराईट म्हणजे गिरणीतील यंत्रे बसवणारा, जुळवणारा आणि दुरुस्त करणारा कारागीर. कॅनडाच्या सरकारी कागदपत्रांत त्याला इंडस्ट्रियल मेकॅनिक म्हणतात. मुलाची आई माझ्याकडे आली. याच धंद्यात माझी सव्वीस वर्षे गेली असल्यामुळे मी मुलाला चार गोष्टी समजावून सांगेन, अशी तिची अपेक्षा होती. "दादा, माझ्या सासऱ्यांनी मुंबईच्या गिरणीत जन्म काढला," ती म्हणाली, "तो काय नातवाने इथं येऊन पुन्हा गिरणीतच जावं म्हणून? बाबासाहेबांनी शिका म्हटलं, ते पाना हातात धरायला?"

मुलाची समजूत मी घातली नाही. परंतु आईला त्या दिवशी जे उत्तर दिले तेही अपुरेच होते. पगार बरा आहे, हाताला कायम काम राहील, असे काहीतरी मी बोललो. तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास दोन ठिकाणी विखुरलेला आहे. त्याचा अर्धा भाग ब्रिटिश कोलंबियाच्या लाकूड गिरण्यांत सापडतो आणि अर्धा परळ-लालबागच्या कापड गिरण्यांत. यंत्रावर राबायचे कोणी आणि यंत्र उघडून पाहायचे कोणी, हा प्रश्न दोन्हीकडे होता.

आपल्याकडची आरामशीन म्हणजे एक पाते, एक मोटर आणि चार माणसे. ते चित्र मनातून काढून टाकावे लागेल. इथल्या गिरणीत नदीतून तरंगत आणलेले ओंडके दातेरी साखळीवरून वर चढतात. साल सोलणाऱ्या यंत्रातून निघून ते मुख्य करवतीपाशी येतात. तेथे ओंडका रुळांवरच्या एका गाड्यावर आवळला जातो आणि तो गाडा करवतीसमोरून पुढे-मागे धावतो. प्रत्येक फेरीला एक काप निघतो. चौकोनी झालेला ठोकळा पुढच्या करवतींत जाऊन त्याच्या फळ्या होतात, कडा आणि टोके साफ होतात, आणि शेवटी या ओल्या फळ्या एका रुंद सरकत्या साखळीवर येऊन पडतात. या साखळीचे नाव ग्रीन चेन. ग्रीन म्हणजे येथे हिरवे नव्हे, ओले; नुकते कापलेले. साखळीच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी असतात. आपल्या मापाची फळी दिसली की ती ओढायची, मागच्या थप्पीवर टाकायची, आणि पुन्हा साखळीकडे वळायचे. साखळी थांबत नाही. ओले लाकूड किती जड असते, हे पहिल्या दिवशीच्या संध्याकाळी खांदे सांगतात.

गिरणीच्या उतरंडीत ग्रीन चेन सर्वांत खाली. वर तीन प्रकारची माणसे : मुख्य करवत चालवणारा, पात्यांना दात आणि धार लावणारा, आणि मिलराईट. या तिघांच्या हातात असे काही ज्ञान असते की ते एक दिवस आले नाहीत तर गिरणी अडते. ग्रीन चेनवरचा माणूस आला नाही तर दुसरा उभा करता येतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश कोलंबियात ही उतरंड माणसाच्या कातडीच्या रंगाशी फार काटेकोरपणे जुळत होती.

मिलराईटचा धंदा मुळात पाणचक्क्या आणि पवनचक्क्या बांधणाऱ्यांचा. लाकडाचे दातेरी चाक करण्यापासून पाण्याचा वेग मोजण्यापर्यंत सारे त्यालाच करावे लागे. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने हस्तव्यवसायासाठी सात वर्षांची उमेदवारी बंधनकारक झाली होती. ती कलमे १८१४ साली रद्द झाली. या बदलाच्या काळातला सर्वांत नामवंत मिलराईट म्हणजे विल्यम फेअरबेर्न. गरीब घरातला हा स्कॉटिश मुलगा १८०४ मध्ये, पंधराव्या वर्षी, नॉर्थ शील्ड्सजवळच्या पर्सी मेन कोळसाखाणीत मिलराईटचा उमेदवार झाला. दिवसभर काम आणि रात्री अभ्यास. कोणत्या वारी अंकगणित, कोणत्या वारी इतिहास, याचे वेळापत्रक त्याने स्वतःच आखले होते. चवदार तळ्याच्या कथेबरोबर बाबासाहेबांच्या लंडनमधील वाचनाच्या कथा ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना हा माणूस परका वाटणार नाही. उमेदवारी संपवून १८११ मध्ये तो लंडनला गेला. तेथे काम मिळत होते, परंतु मिलराईटांच्या संघटनेने त्याला ते करू दिले नाही. तो त्यांच्यातला नव्हता. पुढे मँचेस्टरमध्ये त्याने स्वतःचा कारखाना उभा केला, कापड गिरण्यांतील शाफ्ट हलके आणि वेगवान केले, आणि म्हातारपणी सरदारकी मिळवली. पण ज्ञान हातात असूनही दार बंद असू शकते, हे तो लंडनमध्ये शिकला होता. ते दार धर्माने किंवा वर्णाने बंद केले नव्हते, म्हणून दुसऱ्या गावी जाऊन त्याला ते उघडता आले.

भारतीय माणसे या किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली. बहुतेक पंजाबच्या दोआबातील शेतकरी कुटुंबांतली आणि फौजेतून निवृत्त झालेली. काम मिळाले ते लाकूड गिरण्यांत आणि रेल्वेमार्गावर. १९०७ च्या मार्चमध्ये ब्रिटिश कोलंबियाने त्यांचा मताधिकार काढून घेतला. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला सीमेपलीकडच्या बेलिंगहॅम गावात गोऱ्या कामगारांच्या जमावाने लाकूड गिरण्यांतल्या भारतीयांना त्यांच्या राहत्या जागांतून ओढून काढले आणि गावातून हुसकून लावले. तीनच दिवसांनी व्हँकुव्हरमध्ये चिनी आणि जपानी वस्तीवर दंगल झाली. १९०८ मध्ये अखंड प्रवासाचा नियम आला आणि १९१४ मध्ये त्याच नियमाखाली कोमागाटा मारू बोट बंदरातून परत पाठवण्यात आली. हा इतिहास आपण दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमात ऐकतो. त्यापुढची एक बाब मात्र क्वचित सांगितली जाते.

व्हँकुव्हरजवळच्या कोक्विटलाममध्ये फ्रेझर मिल्स ही प्रचंड गिरणी होती. आशियाई कामगारांच्या जागी गोरे कामगार आणावेत म्हणून १९०९ मध्ये तिच्या चालकांनी क्यूबेकमधून फ्रेंच-कॅनेडियन कुटुंबे आणवली. त्यांच्यासाठी वस्ती उभी राहिली, चर्च उभे राहिले. आजचे मेयार्डव्हिल ते हेच. एका गटाला घरकुल आणि गाव, दुसऱ्याला एकट्या पुरुषांच्या झोपड्या. दोघेही त्याच गिरणीत. घर देऊन ज्याला वसवले, त्याचा मुलगा पुढे गिरणीत बापाच्या शेजारी उभा राहून धंदा शिकतो. झोपडीत एकट्या ठेवलेल्या माणसाचा मुलगा सात समुद्रांपलीकडे असतो. उमेदवारीची परंपरा घरातून चालते, आणि ज्याला घरच नाही त्याची परंपरा पहिल्या पिढीतच तुटते. हे लक्षात घेतले म्हणजे यंत्रशाळेत भारतीय का दिसत नव्हते, यासाठी वेगळा कायदा शोधावा लागत नाही.

मजुरीतही भेद होताच. १९३४ मध्ये प्रांताने लाकूड उद्योगासाठी किमान वेतन ठरवले तेव्हा एक चतुर्थांश कामगारांना त्याहून कमी दर देण्याची मुभा ठेवली. तो चतुर्थांश कोणाचा, हे सांगायला नको. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, प्रांताचा उमेदवारी कायदा झाला.

येथे भाषेविषयी एक विषयांतर. मराठीत उमेदवार हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो : निवडणुकीला उभा राहणारा, आणि धंदा शिकण्यासाठी उस्तादाच्या हाताखाली राहणारा. दोन्हींच्या मुळाशी उमेद आहे. ब्रिटिश कोलंबियातील भारतीय माणूस १९४७ पर्यंत पहिल्या अर्थाने कायद्यामुळे उमेदवार होऊ शकत नव्हता आणि दुसऱ्या अर्थाने रिवाजामुळे क्वचितच होऊ शकत होता.

अपवाद होते. व्हँकुव्हर बेटावर डंकन गावाजवळ मेयो सिंग यांनी स्वतःची गिरणी उभारली आणि तिच्याभोवती वस्ती वसली. १९३६ मध्ये तिला होशियारपूर जिल्ह्यातील त्यांच्या गावाचे, पाल्डीचे, नाव मिळाले. मालकच पंजाबी असल्याने तेथे यंत्राजवळ जायला रंग आड येत नव्हता. पंजाबी, जपानी, चिनी, गोरे असे सारे तेथे राबत, आणि १९४२ मध्ये जपानी कुटुंबांना सरकारने किनाऱ्यावरून हलवेपर्यंत त्यांची मुले एकत्र शिकत होती. पाल्डीचा उल्लेख नेहमी अभिमानाने होतो आणि व्हावाही. तथापि आपल्या वाचकांनी दुसरी बाजूही जाणून घ्यावी. पंजाबातील आद-धर्मी कुटुंबांतील काही माणसेही त्या पहिल्या पिढीत येथे आली आणि पाल्डीत राबली. त्यांच्या वंशजांनी सांगितलेल्या मौखिक इतिहासांतून हे आता नोंदले गेले आहे. रंगाची भिंत जेथे नव्हती तेथे जातीची स्मृती बोटीतून उतरून आधीच पोहोचलेली होती. त्याच होशियारपूर जिल्ह्यातील मंगू राम १९०९ मध्ये अमेरिकेला गेले, कॅलिफोर्नियात शेतांवर राबले, गदर चळवळीत शिरले, आणि १९२५ मध्ये परतल्यावर पुढच्याच वर्षी त्यांनी आद-धर्म चळवळ उभारली. परदेशाने त्यांना काय दिले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

संघटना आल्या तेव्हा चित्र हलू लागले. १९३१ च्या शरद ऋतूत फ्रेझर मिल्सच्या कामगारांनी दोन महिन्यांहून अधिक काळ संप केला, आणि त्यात आशियाई कामगार गोऱ्यांबरोबर उभे राहिले. १९३७ मध्ये लाकूड कामगारांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिने भारतीय कामगारांत काम करण्यासाठी दर्शन सिंग संघा यांना आणि चिनी कामगारांत रॉय मा यांना नेमले. १५ मे १९४६ रोजी सुमारे ३७,००० कामगार संपावर गेले. मागणी तासाला पंचवीस सेंट वाढ, चाळीस तासांचा आठवडा आणि संघटनेला मान्यता अशी होती. सदतीस दिवसांनी पंधरा सेंट मिळाले. पुढच्या वर्षी मताधिकार मिळाला.

आता मुंबईकडे वळतो, कारण त्याच काळात तेथे हाच प्रश्न दुसऱ्या रूपात उभा होता.

माझे आजोबा सातारा जिल्ह्यातून मुंबईला आले आणि एका कापड गिरणीत सूतकताईच्या खात्यात लागले. साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या विभागात, मजुरी अधिक होती. तेथे त्यांना प्रवेश नव्हता. कारण आपणां सर्वांना ठाऊक आहे. धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण विणकर तोंडाला लावणार नाही. विसाव्या शतकातील वाफेच्या यंत्राच्या पोटात मनुस्मृती अशा रीतीने बसली होती. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी बाबासाहेबांनी गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला : साचेखात्याचे दार अस्पृश्यांना उघडण्याची मागणी तुम्ही करणार नसाल, तर या लढ्यात त्यांनी का उतरावे? पुढाऱ्यांनी मान्यता दिली ती नाखुशीनेच. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ते दार मालकाने बंद ठेवले नव्हते. शेजारच्या साच्यावरच्या कामगाराने बंद ठेवले होते. लंडनच्या मिलराईट संघटनेचे वर्तन ज्यांना समजते त्यांना हे चटकन समजेल, पण फेअरबेर्न मँचेस्टरला जाऊ शकला. माझ्या आजोबांना मुंबईबाहेरही तोच धोटा भेटला असता.

दहा वर्षांनी, १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी, मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोन शत्रूंविषयीचे त्या भाषणातील विवेचन सर्वत्र उद्धृत होते. त्याच भाषणातील दुसरा भाग मात्र मागे पडला. रेल्वेत आपला माणूस गँगमन म्हणून भरती होतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, कारण हमालाकडून स्टेशनमास्तर घरकाम करून घेतो आणि त्या घरात अस्पृश्य चालत नाही. आणि रेल्वेच्या कारखान्यांतही आपला माणूस कारागीर किंवा मिस्त्री झालेला क्वचितच दिसतो, हे बाबासाहेबांनी तेथे तपशिलाने मांडले. कामाची वाटणी कुवतीवरून न होता जन्मावरून होते आणि त्यामुळे कामकऱ्यांतच पायऱ्या पडतात, हा विचार दोन वर्षांपूर्वी 'जातिनिर्मूलन' या निबंधात आला होता. मनमाडला त्याला रूळ, वाफ आणि हातोडा मिळाला.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे. १९४२ च्या जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षाच्या २९ ऑक्टोबरला त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या तक्रारींचे एक निवेदन सादर केले. त्यात नोकऱ्यांतील राखीव जागा आहेत, परदेशी उच्च शिक्षणासाठी अनुदानाची मागणी आहे. ते आपल्याला पाठ आहे. त्याच निवेदनात तांत्रिक शिक्षणाचाही स्वतंत्र मुद्दा आहे. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने या दोन ठिकाणी आमच्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे, असे त्यांनी लिहिले. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळवलेल्या माणसाने, सत्तेत बसल्यावर पहिल्याच काही महिन्यांत, आपल्या मुलांसाठी यंत्रशाळेतील उमेदवारी मागितली. शिका या शब्दात त्यांनी पाना वगळला नव्हता. यंत्रावर आपण शतकभर राबत होतोच. ते उघडण्याचा अधिकार ते मागत होते.

माझी स्वतःची कथा थोडक्यात सांगतो. १९५० नंतर भारतात आयटीआय सुरू झाल्या, १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला, आणि त्यांच्यामुळे वरळीच्या बीडीडी चाळीतला मी फिटर झालो. नव्वदच्या दशकात येथे आलो तेव्हा ते प्रमाणपत्र कोणी वाचलेही नाही. तोपर्यंत कायदे बदलले होते. १९५६ मध्ये प्रांतात नोकरीतील भेदभावाविरुद्ध कायदा झाला होता, १९६७ मध्ये गुणांवर आधारित प्रवेशपद्धती आली होती. तरी पदवीधर शिक्षक आणि बँकेतले कारकून ग्रीन चेनवर फळ्या ओढताना मी पाहिले. मी त्यांच्यातच उभा राहिलो. अडीच वर्षांनी उमेदवाराची जागा फलकावर लागली; परीक्षा दिली, उत्तीर्ण झालो, आणि भाषेचे कारण सांगून माझा अर्ज बाजूला पडला. पुढच्या वेळी पडला नाही. मी चौतिसाव्या वर्षी उमेदवार झालो.

जेवणाच्या खोलीत आम्ही पाच-सहा भारतीय एका बाकावर बसत असू. डबे आणि थर्मासचा चहा वाटून घेत असू. एकदा कोणीतरी आडनाव विचारले, मग गाव, मग "तुमच्यात कोण?" मी सांगितले. कोणी काही बोलले नाही. पुढच्या आठवड्यापासून थर्मासचे झाकण माझ्यापर्यंत यायचे थांबले. आजोबांचा धोटा मला तेथे, बर्फ पडत असताना, आठवला. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की त्याच बाकावरच्या एका वयस्क सरदारजींनी मला उमेदवारीच्या परीक्षेची आपली जुनी वही आणून दिली होती, आणि ते शेवटपर्यंत माझ्याशेजारी बसत राहिले.

उमेदवारी चार वर्षांची. प्रत्येक वर्षी काही आठवडे महाविद्यालयात आणि उरलेला काळ गिरणीत जर्नीमनच्या, म्हणजे पक्क्या कारागिराच्या, हाताखाली. पहिले वर्ष वंगणात आणि भुशात जाते. साखळीचे दुवे बदलणे, बेअरिंगला ग्रीस देणे, पट्टे ताणणे, सांडलेले हायड्रॉलिक तेल पुसणे. दुसऱ्या वर्षी डायलचे माप हाती येते : मोटर आणि गिअरपेटी यांचे शाफ्ट एका रेषेत आणायचे, आणि ती रेषा केसाच्या जाडीच्याही अंशात मोजायची. मोटरच्या पायाखाली पातळ पत्रे सरकवत, बोल्ट आवळत, पुन्हा मोजत अर्धा दिवस जातो. रेष चुकली तर महिन्याभरात बेअरिंग जळते.

माझे उस्ताद फिनलंडहून आलेले होते आणि फार कमी बोलत. त्यांनी मला बॅबिट ओतायला शिकवले. बॅबिट म्हणजे मऊ मिश्रधातू. आयझॅक बॅबिट याने १८३९ मध्ये पेटंट घेतलेल्या बेअरिंगवरून हे नाव पडले. जुन्या गिरण्यांत शाफ्ट या धातूच्या गादीवर फिरत. आमच्या काळी करवतीच्या मार्गदर्शक ठोकळ्यांना तोच लागे. प्रथम शाफ्टला ज्योतीची काजळी धरायची, म्हणजे धातू चिकटत नाही. टोके मातीसारख्या लेपाने बंद करायची. साचा तापवायचा, कारण पाण्याचा एक थेंब राहिला तरी वाफ होऊन वितळलेला धातू तोंडावर उडतो. धातू किती तापला हे पाहायला पाइनची काडी बुडवायची : काडी करपली पाहिजे, पेटता कामा नये. मग एका धारेत, न थांबता ओतायचे. थंड झाल्यावर शाफ्टला निळा रंग लावून फिरवायचा आणि गादीवर जेथे निळे ठिपके उमटतील तेथे खरवडायचे. पुन्हा रंग, पुन्हा खरवडणे. ठिपके सर्वत्र सारखे पसरले की काम झाले. पुस्तकात हे चार ओळींत आहे. माझ्या हाताला ते यायला एक हिवाळा लागला. उस्ताद गादीवर अंगठा फिरवून म्हणत, "अजून." तिसऱ्या महिन्यात ते काहीच न बोलता निघून गेले, तेव्हा मी समजलो की जमले.

आणि कुलूप. यंत्रात हात घालण्यापूर्वी त्याची वीज, हवा आणि तेलाचा दाब तोडून त्यावर आपले स्वतःचे कुलूप घालायचे, हा येथील नियम आहे. कुलपावर कामगाराचे नाव, किल्ली त्याच्याच खिशात. ते कुलूप आहे तोवर यंत्र सुरू होत नाही, आणि ठरलेली प्रक्रिया पाळल्याशिवाय फोरमनलाही ते काढता येत नाही. पहिल्या दिवशी माझ्या नावाचे कुलूप मिळाले तेव्हा मी ते घरी आणून बायकोला दाखवले. तिला त्यात काय विशेष, हे कळेना. मी आजोबांविषयी बोलू लागलो आणि मग आम्ही बराच वेळ जागे राहिलो.

हा धंदा सुरक्षित आहे असे मी कोणाला सांगणार नाही. २० जानेवारी २०१२ रोजी बर्न्स लेक येथे आणि २३ एप्रिलला प्रिन्स जॉर्ज येथे लाकूड गिरण्यांत स्फोट झाले. चार कामगार गेले, चाळीसहून अधिक जखमी झाले. भुंग्याने मारलेल्या, उभ्या उभ्या सुकलेल्या पाइनचा बारीक भुसा हवेत साचला होता आणि फिरत्या यंत्रभागाच्या घर्षणाने तो पेटला, असे चौकशीत निघाले. मिलराईट रोज ज्या भागांना हात लावतो, तेच हे भाग. गिरण्याही पूर्वीएवढ्या राहिलेल्या नाहीत. फ्रेझर मिल्स २००१ मध्ये बंद झाली. जेथे माझा ग्रीन चेनचा खांदा घडला तेथे आता फळ्यांची वर्गवारी लेझर आणि संगणक करतात. माणूस उरला आहे तो त्या यंत्रांची देखभाल करणारा.

त्या मुलाच्या आईशी अलीकडे पुन्हा बोलणे झाले. तिचा राग ओसरला आहे, काळजी ओसरलेली नाही. गिरणी बंद पडली तर, असे तिने विचारले. मी तिला सांगितले की चार वर्षांनंतर रेड सीलची परीक्षा असते, सत्तर टक्के गुण लागतात, आणि ते प्रमाणपत्र कॅनडाच्या प्रत्येक प्रांतात चालते. खाणीत, कागद गिरणीत, धरणावर, कुठेही. १९४२ च्या निवेदनाची प्रतही मी तिला वाचायला दिली. ती म्हणाली, इंग्रजी अवघड आहे, पोरालाच वाचून दाखवायला सांगते. तो सध्या बर्नाबीला दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला जातो आहे. त्याचा शाफ्ट अजून रेषेत येत नाही, अशी त्याची तक्रार आहे.